बाबांचा आवाज कुणी पुसला?

माझे बाबा भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांना माईक कधी लागला नाही. टोमॅटोचा भाव ते पुकारू लागले, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांदेवाले मान वर करून बघत. अशा माणसाच्या घशातच कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी एक चांगलं काम केलं. बाबांना समोर बसवून त्यांच्याकडून वाक्यामागून वाक्य वाचून घेतलं, आणि त्या रेकॉर्डिंगवरून एका प्रोग्रामने बाबांचा आवाज तयार केला. बाबा कॉम्प्युटरवर टाइप करतात, बटण दाबतात आणि स्पीकरमधून बाबाच बोलतात. जरा सपाट, जरा अडखळत, पण बाबाच. त्या बाईंना आम्ही 'उच्चारबाई' म्हणतो. प्रोग्राम त्यांनीच चालू करून दिला होता. तो कायम लॉग इन असायचा, त्यामुळे पासवर्डचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

त्या शनिवारी बाबा फिरायला गेले होते. माझा नवरा त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेला. नीटनेटकेपणाचं वेड आहे त्याला. दुसऱ्याचं कपाटसुद्धा न विचारता लावतो.

"कासवासारखा चालत होता गं! फायली साफ करणारा क्लीनर टाकला, सगळा कचरा साफ. बघ आता कसा पळतोय!" तो एकदम खूश.

बाबा आले, खुर्चीत बसले, प्रोग्राम उघडला. समोर पांढरी पाटी: लॉग इन करा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे.

"अरे, नुसतं लॉग आउट झालंय," तो म्हणाला. "आवाज काय पळून जातोय? पासवर्ड टाका."

पासवर्ड कुणाला माहीत? पासवर्ड बदलायची लिंक उच्चारबाईंच्या हॉस्पिटलातल्या क्लिनिकच्या ईमेलवर जाणार होती, आणि क्लिनिक सोमवारपर्यंत बंद. तिथला फोन नुसता वाजत राहिला.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्या बाबांची थोरली बहीण. दूरच्या गावी एकटी राहते आणि तिची नजर पार गेली आहे. तिला वाचता येत नाही, बाबांना बोलता येत नाही. दोघांना जोडणारी वस्तू एकच, तो आवाज. दर शनिवारी दोघं तासभर भांडतात.

लॉग इन न करता प्रोग्राम एक तयार आवाज देत होता. बाबांनी घाईघाईने टाइप केलं आणि फोन स्पीकरजवळ धरला.

"ताई, मीच आहे," कुणीतरी गुळगुळीत तरुण बोलला, बँकेच्या फोनवर बोलतो तसा.

"कोण मी?" आत्या करवादली. "माझ्या भावाचा नंबर आहे हा. तू कोण बाबा?"

"मी तुझा भाऊ."

"थोबाड फोडीन! भावाचा आवाज ओळखत नाही होय मी?"

मी फोन घेतला, समजावू लागले. आत्या ऐकत गेली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, खरं सांग. गेला का तो? मला कळू नये म्हणून हे मशीन बोलतं करताय?"

बाबांनी टेबलावर मूठ आपटली. एकदा, दोनदा, धडाधड.

"हे बघ आत्या, बाबाच बडवताहेत टेबल!"

"टेबल कुणीही बडवेल," आत्या म्हणाली आणि रडत फोन ठेवला. नंतर तिने उचललाच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"मी चांगल्यासाठीच केलं ना! मला काय माहीत तो लॉगिनही पुसतो?"

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावलास? विचारायला तोंड नव्हतं? बाबांना नाही, तुला तर आहे ना!"

बाबांनी कागद ओढला. पेन इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला: माझा कचरा कोणता, ते मी ठरवणार.

नवरा बाहेर निघून गेला. रविवारी बाबा जेवले नाहीत. पेपरही उघडला नाही. लिलाववाल्याचं घर, आणि दिवसभर नुसता फ्रिजचा आवाज.

सोमवारी सकाळी क्लिनिक उघडताच मी फोन केला, आणि उच्चारबाई स्वतः घरी आल्या. सगळं ऐकून त्याही तापल्या. "हे क्लीनरवाले काय काय पुसायचं त्याच्या खुणा आधीच करून ठेवतात, आणि पुसताना धड सांगतही नाहीत!" त्यांनी नवऱ्याला शेजारी बसवलं. "लॉगिनची ओळख प्रोग्राम कुकी आणि सेशन नावाच्या छोट्या नोंदींमध्ये ठेवतो. तुम्ही कचरा म्हणून तीच काढलीत."

"कुकी ब्राउझरमध्ये असते ना?"

"आजकाल बरेच प्रोग्राम आतून ब्राउझरच असतात. साफ करायच्या यादीत या प्रोग्रामचं नाव शोधा. त्याच्यापुढची खूण काढा, आणि त्याचा फोल्डर 'वगळा'मध्ये टाका. मग कितीही झाडलोट करा."

नवऱ्याने खूण काढली. मी मात्र गप्प बसले नाही. "बाई, आवाज बाबांचा आणि किल्ली क्लिनिकची, हे कसं काय? उद्या तुमची बदली झाली तर?"

बाई ओशाळल्या. "चुकलंच आमचं." त्यांनी तिथल्या तिथे खात्याला बाबांचा ईमेल लावला. पासवर्ड बाबांनी ठरवला, टाइप करताना नवऱ्याकडे पाठ करून.

मग बाबांनी पहिलं वाक्य टाइप केलं. "ताईला फोन लाव."

आत्याने या वेळी उचलला. "ताई, मेलो नाही मी. कॉम्प्युटर बिघडवला होता," स्पीकरमधून बाबा म्हणाले, अडखळत, सपाट.

पलीकडून आत्या कडाडली, "दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही माझ्या! कुणी बिघडवला?"

बाबांनी टाइप केलं, "जावयाने."

"दे जावईबापूंना फोन."

नवऱ्याने फोन कानाला लावला. "हो आत्या... नाही आत्या... चुकलं माझं," एवढंच त्याला अधूनमधून म्हणता येत होतं. उच्चारबाईंचा चहा पिऊन झाला, त्या निघाल्या, मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले, तरी तो भिंतीला टेकून ऐकतच उभा होता.