मारेकरी बदलायचा नाही

डॉक्टर व्हेनेता शोपोव्हाने हयातभर गावाचे दात काढले. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या खुर्चीत आ वासून बसला होता, आणि तोंडात कापूस असल्यामुळे कुणाला उलट बोलता आलं नव्हतं. त्याचं उट्टं आज निघत होतं. वाचनालयाच्या सभागृहात तिच्या रहस्यकादंबरीवर वाचक आपापली मतं सांगत होते आणि तिला गप्प बसून ऐकायचं होतं.

दिवस मृतांच्या शनिवारचा होता. सकाळी सगळं गाव दफनभूमीत जाऊन आलं होतं, कोटांना अजून मेणबत्त्यांचा वास येत होता. असल्या दिवशी कुणी कार्यक्रम ठेवतं का, अशी कुरकुर झाली होती, पण तारीख वाचनालयाचे अध्यक्ष ल्युबेन कालचेव्ह यांनी ठरवली होती, आणि त्यांनी ठरवलेलं कुणी बदलत नसे.

"मला मार्गा आवडली," बेकरीवाली रुस्का म्हणाली. मार्गा म्हणजे कादंबरीतली निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, जी कुणी न सांगता गावातल्या खुनाचा तपास करते. "पण डॉक्टरबाई, ती एवढी चीज भरलेली बानित्सा हाणते आणि वर कुंपणावरून उडी मारते? मीही खाते हो. मला पायरी चढवत नाही."

"मला मारेकरी सुरुवातीलाच कळला," दिमोकाका म्हणाले.

"तो कसा?"

"शेवटचं पान आधी वाचलं. जन्मभर बस चालवली मी. पुढं काय आहे ते बघितल्याशिवाय निघत नाही."

"आणि पोलीस एवढे बावळट दाखवलेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"तेवढं मात्र खरं लिहिलंय," दिमोकाका म्हणाले, आणि सभागृह खदखदून हसलं. व्हेनेताही हसली. असली मतं तिला चालत होती. न वाचता केलेल्या कौतुकापेक्षा तिला ही परवडली.

कालचेव्ह मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून गळ्यातल्या रेशमी रुमालाने पुसला. मग सगळ्यांचं लक्ष वेधलं गेल्यावर तो त्यांना घाईघाईने डोळ्यांवर चढवावा लागला, कारण कादंबरीतला मारेकरीही एका वाचनालयाचा अध्यक्ष होता, रेशमी रुमाल बांधत होता आणि बोलण्याआधी चष्मा पुसत होता. रुमाल तिने त्यांच्याकडूनच उचलला होता, हे व्हेनेता कुणालाही सांगायला तयार होती. खून मात्र तिच्या स्वतःच्या डोक्यातला होता.

"माझा आक्षेप व्यक्तिगत नाही," कालचेव्ह म्हणाले.

"नाही नाही, कसा असेल," रुस्का पुटपुटली.

"आक्षेप पुराव्याला आहे. संगीतशिक्षिकेचा वाढदिवस. ती आत मरून पडलीय, हे अजून कुणाला ठाऊक नाही. मारेकरी काही घडलंच नाही असं दाखवत फाटकाशी येतो, आणि हातात काय? सहा गुलाब! मार्गा ते मोजते आणि त्याला पकडते. अहो, जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची आणि मेलेल्याला सम, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बल्गेरियन माणूस झोपेतसुद्धा ही चूक करणार नाही. सगळा डोलारा या एका अशक्य गोष्टीवर उभा आहे."

माना हलल्या. मुद्दा लोकांना पटलेला दिसला. व्हेनेताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हात आपला आपण मोजतो, कालचेव्हसाहेब," ती म्हणाली. "डोकं खोटं बोलतं तेव्हासुद्धा. मनात मढं घेऊन तो फुलं निवडत होता."

"वाङ्मय म्हणून ठीक आहे. म्हणून माझी सूचना अशी, की पुढच्या आवृत्तीत मारेकरी बदला. सोफियाहून आलेला कुणी उपरा करा. गावाचीही अब्रू राहील."

"सोफियाचा कशाला? तो बिचारा फाटकापर्यंत पोचायच्या आधीच रस्ता चुकेल. मारेकरी बदलायचा नाही."

"मग हे पुस्तक आपल्या लेखकांच्या कपाटात ठेवायचं की नाही, ते सभेला ठरवू दे," कालचेव्ह शांतपणे म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. दाराशेजारच्या त्या काचेच्या कपाटात गावातल्या लेखकांची पुस्तकं होती, वरच्या फळीवर कालचेव्ह यांचा गावाचा इतिहास, अनेक खंडांत, आणि अगदी खाली तिची एकुलती एक कादंबरी. गावातलं पुस्तकांचं दुकान कधीच बंद पडलं होतं, तिथे आता मोबाईलच्या काचा बदलून मिळत. कपाटातून निघालं की ते पुस्तक गावापुरतं संपलं. व्हेनेताला या विचारानेच भयंकर वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती ताठ बसून राहिली.

"पण आधी लेखिकेचा सत्कार," कालचेव्ह म्हणाले. "नंतर हात वर करू. आम्ही रीत सोडली असं कुणी म्हणायला नको."

त्यांनी खुर्चीखालून कागदात गुंडाळलेली लाल कार्नेशनची जुडी काढली आणि वाकून तिच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दात मोजण्यात आयुष्य गेलेल्या व्हेनेताची बोटं सवयीने देठांवरून मोजत फिरली. तिने पुन्हा मोजली. ती एकटी राहत होती, वय झालेलं होतं, आणि भर सभेत तिच्या हातात मेलेल्याची फुलं दिली गेली होती. क्षणभर तिला खरंच भीती वाटली. मग सणसणून राग आला. आणि मग, कालचेव्ह यांचा निर्धास्त चेहरा बघून, तिला इतका आनंद झाला की तो लपवणं कठीण गेलं.

तिने जुडी टेबलावर ठेवली आणि कागद सोडला. "दिमोकाका, जरा मोजा बरं."

दिमोकाका पुढे आले. एकेक देठ बाजूला करत त्यांनी मोजलं. "सहा."

रुस्काने छातीवर क्रुसाची खूण केली.

"अशक्य," कालचेव्ह म्हणाले. मग ते थांबले. "सकाळी दोन जुड्या घेतल्या मी. एक बाबांच्या थडग्यासाठी, एक इथली. गाडीत शेजारी शेजारी..." ते मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे बाबांना पाच गेली."

बापाच्या थडग्यावर विषम फुलं ठेवून आलेल्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. व्हेनेताला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून ती पुस्तक सोडणार नव्हती.

"चूक झाली, डॉक्टरबाई."

"चूक कशी होईल? बल्गेरियन माणूस झोपेतसुद्धा ती करत नाही, आत्ताच म्हणालात. तेव्हा दोनच गोष्टी उरतात. एक तर तुम्ही मला मेलेली धरलंत, नाहीतर माझा पुरावा पक्का आहे. यातलं काय ते तुम्हीच सांगा. मार्गा असती तर पहिलं धरून चालली असती."

कालचेव्ह यांनी चष्मा काढला आणि न पुसताच हातात धरून ठेवला. "पुरावा," ते शेवटी म्हणाले, "पक्का आहे."

व्हेनेताने जुडीतलं एक कार्नेशन उपसलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"उद्या सकाळी बाबांना नेऊन द्या. त्यांची सहा होतील, माझी पाच. मी अजून जिवंत आहे." मग ती सभेकडे वळली. "हं, कपाटातून पुस्तक काढायचंय त्यांनी करा आता हात वर."

सगळे हात मांडीवर होते. कालचेव्ह यांच्या हातात ते फूल होतं. व्हेनेताने कोट चढवला, पाच फुलं काखेत मारली आणि जाता जाता कपाटाशी थांबली. खालच्या फळीवरचं आपलं पुस्तक काढून तिने वरच्या फळीवर, इतिहासाच्या खंडांपुढे, मुखपृष्ठ समोर करून उभं केलं आणि काचेचं दार सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं.