ऐकणारं तोंड

त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मायचा मिस्ड कॉल आला, तेव्हा मी बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. रोज याच वेळी मुडबीहून एक घंटी यायची. मग मी लातूरहून फोन लावायचा, आणि माझं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं.

"विजू, त्या कोपऱ्यातल्या बाईनं आज जीव घेतला गं माझा."

'दोन घरं, एक अंगण' नावाची मालिका तेव्हा जोरात चालली होती. दोन भावांची दोन घरं, मध्ये अंगण, आणि त्या अंगणावरून आठ महिने चाललेलं भांडण. त्यातल्या सासूची एक विधवा बहीण होती. तिच्या वाट्याला बोलणं जवळपास नव्हतंच. पंगत असो, भांडण असो, ती कडेला कुठेतरी उभी असायची. सगळी मालिका सोडून माय तिलाच बघायची.

"थोरली सून लई रडली. रडू दे. तिला रडायलाच ठेवलंय. पर थोरली बोलायली तवा ही कोपऱ्यातली काय करायली म्हणशील, तर पदराचं टोक बोटाला गुंडाळायली. गुंडाळायली आन् सोडायली. थोरली म्हणली, 'मी घर सोडून चालले', तवा हिनं टोक सोडलंच न्हाई. आवळून धरलं. बोट पांढरं पडलं असंल बघ. आता हे तिला कुणी शिकवलं असंल?"

"माय, गोळी घेतलीस का?" मी विचारलं.

"व्हय, व्हय. आन् ती नवी पोरगी, भाकरी थापायला बसवलेली. परातीला हात घाबरायलाय तिचा. पर नाव ठिवू नगंस तिला. पीठ नाकाला लागलं तर पुसलं न्हाई तिनं, तसंच राहू दिलं. शिकंल ती. बरं, ठिवते. नागूबाई बसलीया."

फोन बंद झाला. पेपर बाजूला सारून मी पदराच्या टोकावर साडेतीनशे शब्द लिहिले आणि पाठवून दिले. रविवारच्या पुरवणीत ते माझ्या नावानं छापून येणार होते.

शुक्रवारी सकाळी आठला हुमनाबादहून सुनीलकुमारचा, माझ्या भावाचा, फोन आला. अंगण झाडता झाडता माय पायरीवर टेकली होती, ती उठलीच नाही.

टीव्हीवरच्या मालिकांचं सदर लिहायला लागून मला दोन वर्षं झाली होती. पुरवणीचे संपादक हरिओम यांनी माझी पुस्तक-परीक्षणं वाचली होती. जी बाई पुस्तकांवर लिहिते तिला मालिकांवर लिहायला कितीसं अवघड, असा त्यांचा हिशेब. माझ्या घरात तोवर टीव्हीच नव्हता. तो आणला, आठवडाभर वही घेऊन समोर बसले आणि तीन मालिकांची चिरफाड करून लेख पाठवला. कथानकातल्या भेगा, भाषेतल्या चुका, झोपेतही न उतरणारे दागिने. हरिओमांचा फोन आला.

"बाई, लेख बिनचूक आहे. पण हे वाचून लोक टीव्ही बंद करणार नाहीत. पेपर बंद करतील."

त्या आठवड्यात माय माझ्याकडे आली होती, डोळे तपासायला. मी टीव्हीपुढे बसून नाक मुरडत होते. ती माझ्या शेजारी बसली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तू बोलणाऱ्याकडं कामून बघायलीस? बोलायला सगळ्यांनाच येतंय. दुसरं माणूस बोलायलंय तवा हिचं तोंड ऐकायलंय का, ते बघ. ऐकणारं तोंड ज्याला जमलं त्याला सगळं जमलं."

मी तिनं सांगितलं तसं बघितलं. ज्या मालिकेला मी वहीत 'भिकार' असा शेरा दिला होता, तिच्यात एक म्हातारा नट मुलाची शिवीगाळ ऐकता ऐकता चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छ होता. पुसून झाल्यावर त्यानं तो घातला नाही, हातातच धरला. मी त्यावर लिहिलं. मायचं वाक्य धुऊन, इस्त्री करून वर ठेवलं: 'अभिनय बोलण्यात नसतो, ऐकण्यात असतो.' सोमवारी कॉलेजात तीन जणांनी ते मला म्हणून दाखवलं.

तेव्हापासून माय फोनवर सांगायची आणि मी लिहायची. ती शाळेत गेली नव्हती. तिचं लहानपण मेंढरांमागे गेलं आणि पुढचं आयुष्य तुरीच्या रानात. मराठी, कानडी, कुठलीही मालिका ती बघायची, एखादी तेलुगू लागली तर तीही. आणि बहुतेक वेळा तिला आवडायचं. 'चूक काढायला काय लागतंय,' म्हणायची, 'ते तर मला बी येतंय.'

कानडी मालिकेतल्या एका फौजदाराबद्दल ती म्हणाली होती, "पोलीस म्हणून खोटा हाय त्यो. पट्टा बी ढिला. पर चहा पिताना खरा हाय. टीव्हीत सगळ्यांचे कप रिकामे असतेत, तोंडाला लावायचे आन् ठिवायचे. ह्यो फुंकर मारायलाय. चटका बसलेलं माणूस हाय त्यो." मी तो कार्यक्रम शोधून बघितला. खरंच, तो नट रिकाम्या कपातला चहा पोळेल म्हणून जपून पीत होता. त्या लेखाला वाचकांची एकोणीस पत्रं आली.

दिवाळीत मी मुडबीला गेले, तेव्हा लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा चालू होती. मी विचारलं, "कोण चांगलं गातंय गं यात?" ती माझ्या तोंडाकडे नीट बघत राहिली, मग म्हणाली, "गाणाऱ्याचं न्हाई मला ठाऊक. त्याच्यामागं हरलेलं पोरगं बसलंय बघ. टाळीसाठी हात उचलला, थांबला, आईकडं बघितलं, आन् मग वाजिवली. त्याची आई बी तेच करायली. लई गुणाची मायलेकरं हाईत." गाण्याच्या स्पर्धेवर गाण्याबद्दल एक शब्दही न लिहिता लिहिलेला तो लेख माझा सगळ्यात गाजलेला लेख आहे. लोकांनी विचारलं, हे सुचतं कसं? मी म्हटलं, बघायची सवय.

त्या दिवाळीत माय माझ्याकडे सारखी बघत होती. मी काही बोलले की हातातलं काम सोडून माझ्याकडे वळायची. सासरी गेलेल्या लेकीला आई अशीच बघते, असं मी धरून चालले.

तिला मी सदराबद्दल सांगितलं नव्हतं. आमचा पेपर सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या मुडबीला येत नाही. भाऊ कानडी शाळेत शिकलेला, मराठी पेपर वाचत नाही. सांगायची गरज पडली नाही असं मी म्हणू शकते. वाक्यं तर माझीच आहेत, असंही मी स्वतःला बऱ्याच वेळा म्हटलं आहे.

जानेवारीत त्या कोपऱ्यातल्या बाईचं, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या नटीचं, मला पत्र आलं. मी तिच्यावर दोनदा लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं, 'तेवीस वर्षं मी अशीच कडेला उभी आहे. लोक ओळखतात, पण कुणी बघत नाही. तुम्ही बघितलंत.' मला ते पत्र घरात ठेवता येईना. त्या संध्याकाळी माय बोलता बोलता थांबली तेवढ्यात मी फोनवर म्हटलं, "माय, ऐक. तू सांगतीस ते मी पेपरात लिहिते. माझ्या नावानं."

तिकडून घाटे फोडल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "व्हय, व्हय. हरभरा सोलायले मी, हात पार हिरवे झालेत."

मी सुटले. सांगून झालं होतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिच्या मनाचा मोठेपणा, असं मी त्याला नाव दिलं आणि पुढचा लेख लिहायला घेतला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीदेवी भेटायला आली. ती माझ्यासोबत कॉलेजात शिकवते. घरात चार-पाच बायका बसल्या होत्या, रोज संध्याकाळी मायच्या टीव्हीपुढे बसणाऱ्या. मायच्या भिंतीला भिंत असलेली नागूबाई भाजी निवडत होती. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर श्रीदेवीनं पिशवीतून दोन आठवड्यांपूर्वीची पुरवणी काढली.

"तुम्ही बघितली नसेल. अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरली." मग बायकांकडे वळून म्हणाली, "तुमच्या गावच्या लेकीची नजर ऐका." आणि मोठ्यानं वाचायला लागली. पदराचं टोक. आवळलेलं बोट. नाकावरचं पीठ.

नागूबाईचा हात थांबला.

"हे तर बाणाक्का म्हणली होती," मायचं नाव घेऊन ती म्हणाली. "माझ्यासमोर म्हणली. फोनवर."

श्रीदेवी हसली. "मायलेकींचं बोलणं होत असेल ना, मावशी."

"हो, रोज बोलायचो आम्ही," मी म्हटलं.

"कसलं बोलणं?" नागूबाईनं माझ्याकडे बघितलं. "तिला ऐकायला कुठं येत होतं?"

श्रीदेवीनं पुरवणी खाली केली. मग तिच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक न्हाई? अगं, तीन साल झाले. एक कान आधीच गेलता, मग दुसरा बी गेला. साऱ्या गल्लीला ठाऊक हाय. तुझ्या भावाला बी तिनं दटावलं होतं, विजूला सांगू नगंस म्हणून."

"माझ्याशी बोलायची ती. मी विचारलेलं सांगायची."

"समोर असलीस की तोंड बघून कळायचं. आम्हाला बी दटावायची, माझ्याकडं बघून बोला, चुलीकडं बघून बोलू नगा. टीव्हीत कुणी पाठ करून बोललं की माझ्या मांडीला चिमटा! काय म्हणलं सांग. मी तिच्याकडं वळून सांगायची, तवर माझं पुढचं चुकायचं."

"एकदा तू उलटं सांगितलीस की," एक बाई म्हणाली.

"सांगितलं, मुद्दाम. तर म्हणली, 'नागे, खोटं बोलायलीस. त्या कोपऱ्यातलीचं तोंड येगळं सांगायलंय.'" बायका हसल्या, आणि हसून झाल्यावर नागूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"आणि फोनवर?" मी विचारलं.

"फोनवर काय. तू फोन लावलीस, हिनं उचलला आन् त्यावरचे मिनिटाचे आकडे पळायला लागले की बोलायला सुरू. मधी मधी व्हय, व्हय. मी म्हणलं बी, अक्का, पोरीला सांग की. तर म्हणली, 'सांगितलं तर ती फोन कामून लावंल? मला तिचा आवाज येत न्हाई, पर ती तिकडं ऐकायली हे ठाऊक हाय. तेवढं बास हाय.'"

ज्या 'व्हय, व्हय' वर मी एक महिना निवांत झोपले होते, ते तिनं माझं वाक्य संपलं असेल अशा अंदाजानं म्हटलं होतं. मी सांगितलंच नव्हतं. मी लातूरच्या खोलीत एकटीच बोलले होते.

श्रीदेवीनं पुरवणीची घडी घातली आणि हळूच माझ्या पुढ्यात ठेवली. वर माझा फोटो होता, खाली माझं नाव. "राहू दे आता," ती म्हणाली. "तुम्ही त्रास करून घेऊ नका. तुमचं लिहिणं तर त्यांना आवडलंच असतं."

तिला सोयीचा दरवाजा उघडून द्यायचा होता. मी मान हलवली असती तर विषय तिथेच संपला असता, नागूबाईही पुन्हा काही म्हणाली नसती. सोमवारी मी कॉलेजात गेले असते, आणि त्या नटीच्या पत्राला अजून न दिलेलं उत्तर कधीतरी दिलं असतं.

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान वर केली. समोरच्या माणसाला ओठ दिसावेत इतकं सावकाश आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "माय, पेपरात माझ्या नावानं छापून आलं ते तुझं हाय. ऐकणारं तोंड तुझं, चहाची फुंकर तुझी, पदराचं टोक तुझं. दोन साल मी तुझी नजर माझी म्हणून मिरवली. लोकं मला हुशार म्हणायचे, आन् मला ते लई आवडायचं, म्हणून तुला सांगितलं न्हाई."