वरच्या अकरा पट्ट्या

डिसेंबरात तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. आपल्या घरात पियानो आहे याचाच ज्यांना वर्षभर विसर पडलेला असतो, त्या सगळ्यांना नाताळ जवळ आला की एकदम आठवण होते, आणि फोन सुरू होतात. सहा महिने हात लावलेला नाही, पण परवा पाहुणे आहेत, तेवढा सुरात आणून द्या. एकवीस वर्षं ती हेच काम करत होती. खांद्याला तारा पिळायच्या चाव्यांची पिशवी, पायात न वाजणारे बूट, आणि कान असे की परक्या घरात शिरल्या शिरल्या तिथला फ्रिज कुठल्या सुरात गुणगुणतोय ते सांगेल.

यंदा मात्र तिने ऑक्टोबरातच ठरवून टाकलं होतं. नाताळाआधीचा शनिवार-रविवार घरचा. डायरीतल्या त्या दोन पानांवर तिने तिरकी रेघ मारली आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "त्या दोन दिवसांत मी मुळीच येणार नाही." एक-दोघे रुसले. बाकीच्यांनी निमूटपणे आधीची तारीख घेतली. चांगला कारागीर ठाम बोलला की लोक ऐकतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि तिची आई. नवरा जमिनीची मोजणी करायचा आणि घरात आल्यावरही तो हिशेब त्याच्या हातून सुटत नसे. आई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. तिला सगळे 'बाई' म्हणत. जावईसुद्धा बाईच म्हणायचा, कारण पाचवीत असताना त्याने त्यांचा मार खाल्ला होता आणि लग्नानंतरही त्याची जीभ काही 'आई' या शब्दाकडे वळली नव्हती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, जुन्या घराचे तीन जिने झेपेनात, म्हणून बाई लेकीकडे राहायला आल्या. सोबत दोन पेट्या पुस्तकं आणि त्यांचा उभा पियानो आला.

तो पियानो आल्यापासून मुका होता. बाईंची बोटं आखडली होती, असं त्या म्हणत. नाताळाच्या संध्याकाळी घरी जमणाऱ्या लोकांसाठी त्या वर्षानुवर्षं वाजवत आल्या होत्या, पण गेली दोन वर्षं त्यांनी हात जोडले. "बोटं वळत नाहीत," एवढंच. मग वाजवणारंच कुणी नाही तर सुरात तरी कशाला लावायचा, असं म्हणत लेकीनेही तो तसाच ठेवला. गावभरचे पियानो सुरात लावणारीच्या घरात बेसूर पियानो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं नवरा अधूनमधून म्हणायचा.

"यंदा तो लावायचाच," शनिवारी सकाळी चहाचा कप ठेवत ती म्हणाली. "कुणी वाजवो न वाजवो. गाणं कुणी तरी म्हणेलच, निदान पहिला सूर तरी देता येईल."

"तुझी मर्जी," बाई म्हणाल्या.

कामं वाटली गेली. नवऱ्याकडे झाड आणि केक. झाड आदल्या दिवशीच आणून बाल्कनीत ठेवलं होतं, ते त्याने आत घेतलं आणि टेप काढून दोन्ही भिंतींपासूनचं अंतर मोजायला बसला. मग स्वयंपाकघरात जाऊन सुकामेवा तराजूवर घातला. दोन मनुका जास्त झाल्या म्हणून त्या काढून त्याने तोंडात टाकल्या. बाईंनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सजावटीचा खोका मांडीवर घेतला. काचेचे गोळे वेगळे, कागदी तारे वेगळे, गुंतलेल्या दिव्यांच्या माळा सर्वांत शेवटी. पियानोकडे त्यांची पाठ होती.

तिने पियानोचं पुढचं झाकण उतरवलं. आत सव्वादोनशेच्या वर तारा. धूळ पुसली, शेजारच्या तारा गप्प राहाव्यात म्हणून रबराच्या पाचरी मध्ये बसवल्या, ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर मारून कानाशी धरला. मधला सूर वाटला होता तेवढा उतरला नव्हता. "बरं राखलं आहेस हो स्वतःला," ती पियानोला म्हणाली. कामावर असताना ती पियानोंशी बोलायची. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटायचं, घरच्यांना सवय होती.

दुपारपर्यंत मधली आणि खालची सप्तकं झाली. बाई पाठ वळवूनच मधूनमधून शेरे मारत होत्या. "ती तिसरी तार अजून खाली आहे." आणि ती खरोखरच खाली असायची. लेकीला बरं वाटलं. चाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरच्या पोरीचा चुकलेला सूर पकडणारे कान आहेत, असे सहजी निवृत्त व्हायचे नाहीत.

जेवणं झाली. केक ओव्हनमध्ये गेला आणि घरभर भाजल्या साखरेचा वास सुटला. ती वरच्या सप्तकाकडे वळली. हे काम नाजूक. तारा आखूड, सूर क्षणभर चमकून विझतो, म्हणून पट्टी पुन्हा पुन्हा वाजवावी लागते. ती एकेक पट्टी वर सरकत गेली. शेवटच्या काही पट्ट्या राहिल्या. टिंग, टिंग, टिंग. चावी केसभर वळवायची, परत टिंग.

"का गं, थांबलीस का?" बाईंनी विचारलं. "दमलीस?"

तिचं बोट पट्टीवरच होतं. तिने तीच पट्टी पुन्हा वाजवली, जरा जोरात. बाई कागदी ताऱ्याची सुरकुती नखाने सरळ करत होत्या. त्यांची मान हलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "चालूच आहे."

मग तिने एक गोष्ट केली, जी करताना तिला थोडं अपराधी वाटलं. शेवटून तिसरी पट्टी तिने सलग दहा वेळा वाजवली. तिच्या कानाला तो सूर सुईसारखा टोचत होता. स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "तो एक सूर फारच हट्टी दिसतोय." बाईंनी खोक्यातून पुढचा कागदी तारा काढला.

आता तिच्या डोळ्यांपुढून गेली दोन वर्षं झरझर सरकली. ओव्हनची घंटा वाजली तरी बाईंना पत्ता नसायचा. 'सात वाजता' म्हटलं तर त्या 'आठ वाजता' ऐकायच्या. मोबाइल शेजारी वाजत असायचा आणि त्या शांतपणे वाचत बसायच्या, आणि ही समजायची की आईला फोनवर बोलायचा कंटाळा आहे. दुसऱ्यांच्या तारांमधला केसाएवढा फरक ओळखून पोट भरणारी आपण, आणि आपल्याच घरात हे ऐकू आलं नाही.

तिने चावी खाली ठेवली आणि जाऊन आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, वरचे सूर तुला ऐकू येत नाहीत ना?"

बाईंनी तारा खोक्यात ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला. नाही म्हणून सुटका करून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"कळलं तुला शेवटी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अजून आधी कळेल. तू या धंद्यातली."

"कधीपासून?"

"इकडे यायच्या आधीपासून. सगळ्यात वरच्या पट्ट्या नुसत्या लाकडासारख्या वाजायला लागल्या. ठक, ठक. मला वाटलं, पियानोच बिघडला. मग त्या वर्षी शाळेत कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, तेव्हा तिथला वाजवून बघितला. तोही तसाच. दोन पियानो एकाच वेळी एकाच जागी बिघडत नाहीत, एवढी अक्कल मला आहे."

"आणि बोटं?"

"बोटांना काय झालंय? रोज कणीक मळतात ती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जन्मभर पोरींच्या चुका पकडल्या," त्या म्हणाल्या. "आपली चूक आपल्याला ऐकू येणार नाही आणि समोरचे कौतुकाने टाळ्या वाजवतील, हे मला नको होतं. त्यापेक्षा बोटं दुखतात म्हणणं सोपं. दुखऱ्या बोटांची कुणाला कीव येत नाही."

ती उठली. रडून आईचं भलं होणार नव्हतं. बिघाड नेमका कुठे आहे ते आधी बघायचं आणि मग बोलायचं, हा तिच्या कामाचा नियम होता.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "स्टुलावर बस."

"काय करणार आहेस?"

"मोजणार आहे."

मोजणार हा शब्द ऐकून नवरा हात पुसत बाहेर आला. त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं गेलं. तो एकदम गंभीर झाला, काहीतरी समजुतीचं बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि बाईंनी पाचवीतल्या मुलाकडे बघावं तसं बघताच परत मिटलं.

ती आईच्या मागे उभी राहिली आणि मधल्या सुरापासून एकेक पट्टी वर वाजवत गेली. बाईंनी डोळे मिटले होते. "आला," त्या म्हणायच्या. "आला. आला. हा अजून किंचित घट्ट हवा." ती म्हणायची, "हे झाल्यावर तो बघते." पुढे, अजून पुढे. बाईंचा आवाज बारीक होत गेला. "आला. हा लांबून आला." मग एका पट्टीला त्या बराच वेळ थांबल्या. "हा नाही."

तिने पुढची वाजवली. नाही. त्याच्या पुढची. नाही.

जिथे सूर संपले तिथे तिने खडूने बारीक खूण केली. नवऱ्याने न सांगता खिशातून टेप काढला, पट्ट्यांवर आडवा धरला आणि पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"बाई," तो म्हणाला, "एकूण लांबी एकशे बावीस सेंटीमीटर. त्यातले साडेसोळा गेलेत. अकरा पट्ट्या. बाकी सगळी जमीन तुमच्या नावावर आहे."

बाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. "साडेसोळा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, अर्धा संसार गेला."

"नाताळाचं सगळ्यात उंच गाणं या खुणेपासून दीड सप्तक खाली संपतं," लेक म्हणाली. "तू जे वाजवणार आहेस, ते सगळं तुला ऐकू येतं. आणि कान डॉक्टरला दाखवायचे. लोकांना चष्मा लागतो, तसं यंत्र लागतं, त्यात काही नाही."

"दाखवीन. पण नाताळ झाल्यावर. आत्ता कुणी माझ्या कानात काही खुपसलं तर सगळं नवीन ऐकू येईल आणि मी गोंधळेन."

"कबूल."

"आणि एक. मी चुकले तर सांगायचं. गोड बोलायचं नाही."

"आई, मी तुझ्याच हाताखाली शिकले. मला गोड बोलता येत नाही."

संध्याकाळी केक निघाला. एक बाजू किंचित वर आली होती. ओव्हनच कलता असल्याचं नवऱ्याने पाणसळ लावून सिद्ध केलं. झाडावर दिवे चढले. तिने उरलेल्या अकरा पट्ट्याही नेहमीसारख्याच काळजीने लावल्या. बाईंनी विचारलं, "त्या कशाला आता?" ती म्हणाली, "पियानो अख्खा लावतात. अर्धवट काम करून मी कुणाच्याच घरातून उठलेले नाही."

रविवारी सकाळी बाई नाश्त्याआधीच स्टुलावर जाऊन बसल्या. लेक पलीकडच्या खोलीत पडद्यांना आकडे लावत होती, नवरा पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजत होता. नऊ माणसं येणार होती, खुर्च्या आठ. पहिलं गाणं अडखळत सुरू झालं. दोन वर्षं झोपलेले हात. ते आपला रस्ता चाचपत होते. दुसऱ्यांदा बरं झालं. तिसऱ्यांदा बाईंचा डावा हात जुन्या वजनाने पडला आणि खिडकीची काच हलकेच थरथरली. नवऱ्याने हातातली खुर्ची आवाज न करता खाली ठेवली.

गाणं संपल्यावर बाईंनी आवाज दिला, "किती?"

"दोन," लेक पडद्याआडून म्हणाली. "दुसऱ्या ओळीत उजव्या हातात एक, आणि शेवटाकडे डाव्यात एक."

"तीन," बाई म्हणाल्या. "मधली तुझ्या लक्षात आली नाही. पडद्यांकडे लक्ष असलं की असं होतं."

तिने आठवून पाहिलं. खरंच होती. पडद्यामागे ती एकटीच हसली, आणि मग बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली, तिच्या डाव्या हाताला. दिवसभर त्या दोघींनी गाणी काढली. कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं कुणाच्या गळ्याला उंच पडेल म्हणून एक सूर खाली घ्यायचं. नवऱ्याला गायचं होतं. बाईंनी त्याचा आवाज ऐकून घेतला आणि त्याला खालची ओळ दिली, जिच्यात फक्त चार सूर होते. "एवढ्यात तू काही बिघडवू शकत नाहीस," त्या म्हणाल्या, आणि त्याने ती ओळ भांडी घासताना इतक्या वेळा म्हटली की चुकणं शक्यच उरलं नाही.

नाताळाच्या संध्याकाळी नऊची अकरा माणसं झाली. दोघं जमिनीवर बसली. बाई दीड तास वाजवत होत्या, आणि दर गाण्याआधी मान वळवून सगळ्यांकडे बघायच्या, सगळ्यांची पाठ सरळ होईपर्यंत सुरू करायच्या नाहीत. बोटांबद्दल एकाने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोटं बरी आहेत. कान थोडे गेलेत. तेव्हा जे सांगायचं ते समोर येऊन सांगा." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विचारणाऱ्याने आपली खुर्ची उचलून पुढे आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जानेवारीची डायरी उघडली. पियानोवाल्या गिऱ्हाइकांची नावं लिहायच्या आधी पहिल्या सोमवारच्या पानावर सकाळी साडेदहाची वेळ कानांच्या डॉक्टरसाठी लिहिली. बाईंनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दहा वाजता कर. मला लवकर जायला आवडतं."