बिनशिट्टीचा कुकर आणि पंचफुलाबाईंची गोधडी

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. माझी शिट्टी हरवली आहे, म्हणून आता बोलून दाखवावे लागते.

तातेराव आणि पंचफुलाबाई यांच्या लग्नात मी आहेरात आलो. त्या लग्नात एकूण चार कुकर आले होते. तिघांना पुढच्या वर्षभरात इतरांच्या लग्नांत सरकवण्यात आले. माझ्या बुडावर 'कचेरीतील मित्रमंडळाकडून सप्रेम' असे कोरलेले असल्यामुळे मला कुणाला देता येईना. अशा रीतीने, केवळ गुणवत्तेवर, माझी निवड झाली.

मलकपेठेतल्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. तातेराव सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलेले होते, ते हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मी तुरीच्या डाळीवर लागलो आणि तुरीच्या डाळीवरच निवृत्त झालो. रविवारी मटण शिजवले, पण तो तात्पुरता कार्यभार होता. तरी माझा मान मोठा होता. माझी तिसरी शिट्टी झाली की शेजारणी आपल्या मुलांना शाळेत हाकलत. त्या शिट्टीवर दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर तयार झाले आहेत. त्यांनी कधी माझे नाव घेतले नाही, ही गोष्ट वेगळी.

मग माझे रबर सैल पडले, दांडा तुटला आणि शिट्टी एके दिवशी कपाटाखाली गेली ती गेलीच. घरात नवा कुकर आला. मी माळ्यावर गेलो. तिथे सहा वर्षे माझ्या शेजारी एक गाठोडे होते. त्यात पंचफुलाबाईंनी तरुणपणी शिवलेल्या गोधड्या होत्या. स्वभावाने फार मऊ मंडळी. आमचे कधी भांडण झाले नाही.

आम्हाला खाली काढले ते गीताने. गीता म्हणजे या घरची सून. विद्यानगरच्या एका शिकवणीवर्गात ती ऑफिस सांभाळायची. तो वर्ग बंद पडला. घरी बसल्या बसल्या तिने माळा आवरायला घेतला, गाठोडे सोडले आणि तिथेच पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर 'पंचफुला गोधडी' नावाचे पान उघडले गेले. सासू शिवणार, सून विकणार. नवऱ्याला, म्हणजे अमरदीपला, तिने सांगितले, "विजयादशमीपर्यंत बघते. एका तरी परक्या माणसाची ऑर्डर आली पाहिजे. नाही आली, तर ती हायटेक सिटीतली नोकरी धरते. जाऊन-येऊन चार तास बसमध्ये."

व्हिडिओ काढायचा तर मोबाईल उभा कशावर करायचा? पुस्तके सरकली, डबे घसरले. शेवटी मला मांडले गेले. माझ्या पोटात तातेरावांचा एक विटका पंचा कोंबला, त्यावर मोबाईल उभा केला, काठाला टेकवला. मी हललो नाही. निवृत्तीनंतर पुनर्नियुक्ती सगळ्यांच्या नशिबी नसते, मित्रांनो.

अडचण पंचफुलाबाईंची होती. मोबाईल समोर आला की त्या रेशनकार्डावरच्या फोटोसारख्या दिसू लागत.

"आत्या, हसा की जरा," गीता म्हणे. ती सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा.

"कुणाला बघून हसू? त्यात माझंच तोंड दिसतंय," पंचफुलाबाई म्हणत, आणि मोबाईल सोडून माझ्याकडे बघत. चाळीस वर्षांची ओळख होती आमची.

लिखाणाचे खाते तातेरावांनी मागून घेतले. त्यांनी लिहिलेली पहिली पोस्ट मला तोंडपाठ आहे :

'विषय : गोधडी विक्रीस उपलब्ध असल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गोधडी संपूर्णतः नव्या कापडाची असून तीत जुने कापड आढळल्यास गोधडी परत घेण्यात येईल.'

"मामा, याला लोक लाईक कसं करतील?"

"लाईक नक्को. पोच पाहिजे."

नव्या कापडाची कल्पनाही तातेरावांचीच. जनतेला जुना माल द्यायचा नसतो, असे त्यांचे तत्त्व होते आणि तत्त्वापुढे ते बायकोचेही ऐकत नसत. सुलतान बाजारातून ते कडक खळीचे रंगीत कापड घेऊन आले. पंचफुलाबाईंनी सुई घातली, ती निम्म्यात अडली. त्या म्हणाल्या, "हे कापड अजून कुणाचं झालंच न्हाई." पण सुनेसाठी त्यांनी शिवली. गोधडी दिसायला झकास झाली. जमिनीवर ठेवली की पत्र्यासारखी उभी राहायची.

पाच आठवडे गेले. लाईक दोनशेच्या वर आले, पण आडनावे बघितली तर सगळे पाहुणे. नांदेडचा एक पुतण्या प्रत्येक पोस्टखाली 'नाईस' लिहायचा. त्याच्या आजोबांच्या श्रद्धांजलीखालीही त्याने तेच लिहिले होते. एका परक्या बाईने किंमत विचारली आणि ती निघून गेली. गीता दिवसातून वीसदा मोबाईल उघडून बघायची. शेवटी तिने हायटेक सिटीच्या मुलाखतीसाठी साडीला इस्त्री करून ठेवली.

विजयादशमीला चार दिवस उरले असताना तिने शेवटचा प्रयत्न म्हणून थेट प्रक्षेपण करायचे ठरवले. सकाळी अकरा वाजता. बघायला तेवीस जण होते, त्यांतले अठरा पाहुणे. पंचफुलाबाईंना एकच वाक्य पाठ करून दिले होते. मी काठ ताणून उभा राहिलो.

गीताने सुरुवात केली आणि तेवढ्यात दारात पाण्याचा कॅनवाला आला. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही सांगा, आलेच."

पंचफुलाबाईंनी घसा साफ केला. "ही गोधडी... शंभर टक्के... नव्या..." आणि त्या थांबल्या.

"कापडाची," तातेरावांनी बाजूने पुरवले.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

"अगं, एकच तर शब्द राहिलाय!"

"त्योच खोटा हाय. नव्या कापडाची कुठं गोधडी असती का? हे बघा, कापड असं पाहिजे." असे म्हणून त्यांनी माझ्या पोटातला पंचा खस्सकन ओढून काढला.

मोबाईल माझ्या पोटात पडला. तोंड वर करून. प्रक्षेपण चालूच होते. बघणाऱ्यांना आता गोल चौकटीत फक्त छताचा पंखा दिसत होता, आणि आवाज मात्र माझ्या पोटात घुमून दुप्पट होत होता. इतकी वर्षे माझ्या आत काय शिजते ते बाहेर कळत नव्हते. ती कसर त्या दिवशी भरून निघाली.

"तुमच्या अमरदीपला कशात गुंडाळलं होतं? आठवतंय का?" पंचफुलाबाई विचारत होत्या.

"दुपट्यात."

"कशाच्या? माझ्या मायच्या लुगड्याच्या. सतरा वर्षं धुतलेलं. तान्ह्या लेकराच्या अंगाला नवं कापड लावतेत का कुणी? बोचतंय. मायच्या अंगावर झिजलेलं कापड पाहिजे, म्हंजे लेकरू निवांत झोपतंय."

"पण मी लेखी दिलंय की नवं म्हणून!"

"तुम्ही लिवा. तुम्ही डाळीला बी नवी म्हणून लिवाल, ती शिजायची का?"

तातेरावांनी हात पुढे केला. मग हळूच म्हणाले, "माझा तो पंचा दे इकडं. सापडत नव्हता."

गीता आत आली. "फोन कुठंय?"

तेव्हा माझ्या पोटातून टिंगटिंग सुरू झाली. तिने वाकून पाहिले आणि किंचाळली, "एक्क्याण्णव माणसं! मामा, आपले एवढे नातेवाईकच नाहीत!"

खाली शेरे येत होते. कुणी हसत होते, कुणी 'आजी बरोबर बोलतात' लिहीत होते. नांदेडहून 'नाईस' आले. अमरदीपने ऑफिसातून लिहिले, 'पंखा पुसा.' आणि त्या सगळ्यांत एक लांबलचक मजकूर होता : 'मी विमल, बरकतपुऱ्यात राहते. माझ्या नातीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. माझ्या आईचं इरकली लुगडं तीस वर्षं पेटीत आहे. त्याचं दुपटं करून मिळेल का? कुठं येऊ?'

विमलताई दुसऱ्याच दिवशी आल्या. वकिलांच्या घरातल्या, बोलणे नीटनेटके, हातात मलमलीत बांधलेली पुडी. पुडी उघडली, लुगडे पसरले. पंचफुलाबाईंनी कात्री काढली आणि विमलताईंनी पटकन लुगड्यावर हात ठेवला.

"राहू द्या हो. आईचं आहे."

गीताचा चेहरा बघवेना. तिची पहिली ऑर्डर पुडीत परत चालली होती.

पंचफुलाबाईंनी कात्री उलटी करून दांडी विमलताईंकडे धरली. "पहिली कात्री मी मारत नसते. ज्याचं त्यानं मारायची. आणि नसंल मारायची तर च्या घिऊन जावा, काही नाही त्यात. पण मला सांगा, पेटीत ठिवल्यावर तुमच्या आईला लेकरू दिसंल का?"

विमलताईंनी लुगड्याच्या काठावरून हात फिरवला. चहा निवला. मग त्यांनी डोळे पुसले, कात्री घेतली आणि काठ सोडून सरळ एक रेघ कापली. अगदी वकिलाच्या घराला शोभेल अशी.

त्या संध्याकाळी तातेरावांनी नवी पोस्ट लिहिली.

'शुद्धिपत्रक : या पानावरील यापूर्वीच्या सर्व पोस्टमध्ये जेथे जेथे "नवे कापड" असे नमूद आहे, तेथे तेथे "जुने कापड" असे वाचावे. कापड ग्राहकांनी स्वतः आणावे. पहिली कात्री ग्राहकाची राहील. झालेल्या चुकीबद्दल निम्नस्वाक्षरीकार पत्नीची क्षमा मागत आहे.'

त्याला जेवढे लाईक आले, तेवढे त्यांना निरोप समारंभातही मिळाले नव्हते.

गीताची इस्त्रीची साडी कपाटात परत गेली. आता घरात पाच गाठोडी आहेत आणि तीही परक्या माणसांची. ती कडक गोधडी तातेरावांनी स्वतःकडे ठेवून घेतली आहे. रोज तिच्यावर झोपून ते ती मऊ करत आहेत. आणखी सतरा वर्षे लागतील, असा पंचफुलाबाईंचा अंदाज आहे.

परवा मोबाईलसाठी तीन पायांचे नवे स्टँड आले. मला वाटले, चला, पुन्हा माळा. पण पंचफुलाबाईंनी त्या काडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याच्याशी काय बोलू?" मग गीताने मला स्टँडच्या मागे मांडले. आता मोबाईल त्याच्यावर असतो आणि पंचफुलाबाई माझ्याशी बोलतात. लोकांना वाटते, त्या त्यांच्याशीच बोलत आहेत.

तर मित्रांनो, एवढेच मागणे. माळा आवराल तेव्हा कुठलीही जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिच्यासमोर पाच मिनिटे बसा आणि मनातले बोला. एखादी वस्तू नुसती ऐकण्याच्या कामालाही येते. आणि माझ्यासारखा कुणी सापडलाच, तर त्याला हवे तर धुवा, हवे तर पुसा. झाकण तेवढे लावू नका.