पडदा झालेली चादर

बोलणं हे काही माझं काम नव्हे. माझं काम पसरणं. पण इतक्या लोकांचे फोटो अंगावर घेतल्यावर थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. मी एक पांढरी सुती चादर. अंगावर एक फूल नाही की रेघ नाही. दुकानदारानेसुद्धा विकताना "साधी आहे, पण टिकेल" एवढीच माझी तारीफ केली होती.

आम्ही दोघी बहिणी एकाच पिशवीतून या घरात आलो. धाकटी रोजच्या वापरात गेली, विरली आणि फडकी होऊन संपली. मी मात्र 'पाहुण्यांची' ठरले. हा मान मला सासूबाईंनी दिला. पाहुणे यायचे तेव्हा मी पलंगावर मिरवायची. पुढे पाहुणे हॉटेलात उतरायला लागले, मग फोनवरच भेटायला लागले, आणि मी कपाटाच्या वरच्या खणात डांबरगोळ्यांच्या शेजारी मुक्कामाला गेले.

घरात दोघीच. सासूबाई आणि सूनबाई. मुलगा नोकरीच्या गावी, सवड मिळेल तसा येणारा. सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. ती संध्याकाळी घरी आली की सासूबाई दिवसभराचं साठवलेलं बोलायच्या आणि ती चप्पल काढता काढता "हं" म्हणायची. भांडण असं नव्हतं. भांडायलाही जरा निवांत समोरासमोर बसावं लागतं.

एका रविवारी सूनबाईने गुपचूप कपाट उघडलं, मला पिशवीत कोंबलं आणि जिना उतरली. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी पळवून नेत होतं. खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत हौशी फोटोवाल्यांचा क्लब भरायचा. क्लबचा पडदा गुंडाळता गुंडाळता फाटला होता, आणि "कोणाकडे पांढरी चादर आहे का?" या प्रश्नाला सूनबाईने हात वर केला होता. चष्मेवाले काका क्लबचे सर्वेसर्वा. त्यांनी मला भिंतीवर चिमट्यांनी टांगलं, दिवे मालवले, प्रोजेक्टर लावला, आणि माझ्या पोटावर म्हशीएवढं कबुतर येऊन बसलं.

तेव्हापासून दर रविवारी माझ्यावर काय काय उमटलं म्हणून सांगू! एक बँकवाले फक्त सूर्यास्त आणायचे. सगळे त्यांना 'मावळते' म्हणायचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या फोटोतली माणसं सगळी बत्तीशी दाखवणारी. महिन्याला एक विषय असायचा: सावली, दारं, वाट पाहणारी माणसं. कधी सगळे पहाटे बाजारात फोटो काढायला जायचे आणि एकाच भोपळ्याचे सतरा फोटो घेऊन परतायचे. मग चर्चा. चर्चेची सुरुवात नेहमी "छान आहे" अशी. फोटो काढणारा त्यावर खूश होत नाही, तो पुढच्या "पण"ची वाट बघत बसतो.

सूनबाई हातांचे फोटो काढायची. औषधाच्या गोळ्या मोजून घेणारे हात, चिठ्ठी पुढे करणारे हात. ती इथे मोकळी हसायची, वाद घालायची, 'मावळत्यां'ना तोंडावर चिडवायची. मी तिला घरी कधी असं पाहिलं नव्हतं. अर्थात, मी कपाटात होते म्हणा.

पण चोरी किती दिवस लपणार? कोणी दूरची मावसबहीण येणार म्हणून सासूबाईंनी वरचा खण उघडला. तो रिकामा. त्यांनी मुलाला फोन लावला. त्या भोळ्या माणसाने सगळं सांगून टाकलं. त्या रविवारी आमचं दार उघडलं आणि सासूबाई धापा टाकत आत आल्या. माझ्यावर तेव्हा एक गळका नळ होता.

"ही माझी चादर आहे," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. सूनबाईचा चेहरा माझ्याहून पांढरा. चष्मेवाल्या काकांनी खुर्ची पुढे केली, चारच फोटो उरलेत, तेवढं बघा आणि मग खुशाल न्या, असं सुचवलं. सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. चारही फोटो पाहिले. पाचवा नाही का, असंही विचारलं. जाताना म्हणाल्या की चादर आज नेते, धुऊन इस्त्री करून आणते, तुमच्या सगळ्या फोटोंवर सुरकुत्या पडल्यात.

पुढच्या रविवारी मी कडक इस्त्रीत परत आले, आणि माझ्यासोबत सासूबाईही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचं नाव सभासदांत लागलं होतं. नवख्यांना द्यायचा क्लबचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता.

क्लबला त्या फार आवडल्या. प्रश्न विचारायच्या, चहाचे कप मोजायच्या, सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी करायच्या. एकदा सूनबाईचा मुंगीचा फोटो लागला तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "घरी हिला उतू जाणारं दूध दिसत नाही, आणि इथे मुंगीचे पाय दिसतात." खोलीभर हशा पिकला. सूनबाईही हसली. पण तिने त्या दिवशी दुसरा फोटो दाखवला नाही, आणि पुढच्या रविवारी ती आलीच नाही. डोकं दुखतंय, असं सासूबाईंनी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तिचं डोकं दुखत होतं.

मला त्या आठवड्यात धुवायला घरी नेलं होतं. गच्चीवर वाळल्यावर दोघी माझी घडी घालायला आल्या. एकीच्या हातात दोन टोकं, दुसरीच्या हातात दोन. झटकली, ताणली. आणि सूनबाई माझ्याकडे बघतच म्हणाली, "आई, तो रविवार माझा होता."

सासूबाईंच्या हातातला ताण सैल झाला. मी मध्ये झोळीसारखी लोंबले.

"तेवढे दोन तास मी कोणाची सून नसते," सूनबाई म्हणाली. "तुम्ही आलात आणि मी तिथेही सून झाले."

सासूबाईंनी टोकं पुन्हा घट्ट धरली. मग म्हणाल्या, "तुला दुकान आहे. वर रविवार आहे. मी कुठे जाऊ?"

चादरीची घडी घालताना दोघींना एकमेकींकडे चालत यावंच लागतं. त्याला इलाज नाही. त्या आल्या, टोकं या हातातून त्या हातात गेली. घडी वाकडी झाली, ती सासूबाईंनी तशीच राहू दिली. तेव्हा मला कळलं, मामला गंभीर आहे.

दोन दिवसांनी सूनबाई काकांना भेटून आली. क्लबमध्ये बुधवारी दुपारी नवशिक्यांचा वर्ग असतो, रविवारऐवजी तिथे तुमचं नाव घालते, असं तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांना ते लागलं. मला काढून टाकतेस, म्हणाल्या. "काढत नाही, शाळेत घालतेय," सूनबाई म्हणाली. सासूबाई दोन दिवस फुगून होत्या. तिसरा दिवस बुधवार होता, आणि त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

बुधवारी मीच टेबलावर पसरलेली असायची. माझ्यावर एक लिंबू, बाजूला खिडकी. सावली कुठे मऊ पडते, कुठे कडक, हे त्या लिंबाभोवती फिरून शिकायचं. सासूबाईंच्या पहिल्या फोटोत लिंबापेक्षा त्यांचा अंगठा मोठा होता. इथे कोणी त्यांची सून नव्हती, त्यामुळे त्यांना सासूही व्हावं लागलं नाही. त्या चुकायच्या आणि खुदकन हसायच्या. रविवारी सूनबाई परत वाद घालायला लागली. घरी मात्र आता एकीचं "हं" संपायच्या आत दुसरी कॅमेरा पुढे करायची, असं मुलगा क्लबमध्ये आला तेव्हा सांगत होता.

मग एका बुधवारी सूनबाईने अर्धी सुटी काढली आणि वर्गाच्या दाराशी उभी राहिली. "आई, येऊ का आत?"

सासूबाईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "आज नको. पुढच्या बुधवारी ये."

सूनबाई पार खालच्या पायरीपर्यंत हसत गेली. मला वरपर्यंत ऐकू येत होतं. पुढच्या बुधवारी ती आली, आणि लिंबाच्या जागी स्टुलावर बसली.

आता क्लबने वर्गणी काढून नवा पडदा घेतलाय. चकचकीत आहे, सुरकुतत नाही. मला वाईट वाटलं नाही. मी माणसांच्या पाठीमागे टांगली जाते. चेहऱ्याचे फोटो शिकणाऱ्यांना मागे साधं काहीतरी लागतं, आणि साधेपणात माझा हात कोण धरणार? कडेला थोडी पिवळी पडलेय, पण काका म्हणतात, पिवळेपण चेहऱ्यांना मानवतं.

तुम्ही कधी आलात आणि माझ्यापुढे बसलात, तर एकच सांगणं आहे. लोक कॅमेरा दिसला की श्वास कोंडून धरतात, जणू फोटो नव्हे, इंजेक्शन आहे. तसं करू नका. आणि केलंत तरी सासूबाईंना घाई नसते. त्या कॅमेऱ्याला डोळा लावून थांबून राहतात. तुम्हाला वाटतं काढला एकदाचा, तुम्ही श्वास सोडता, खांदे खाली येतात. नेमक्या तेव्हाच त्या कळ दाबतात.