दोन ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. एका घराच्या जिन्याखाली, चपलांच्या कपाटाला खेटून मी चार वर्षं काढली. सध्या फाटकाजवळ उभी आहे. उभी म्हणजे ठेवलेली. स्वतःहून उभं राहता येत नाही, एवढं सोडलं तर आम्ही माणसांहून फार वेगळ्या नाही. दिलं तर देतो, नाही दिलं तर आटतो.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात शिसं आणि आम्ल भरून मला जगात पाठवलं, त्यामुळे स्वभावाने गोड असल्याचा दावा मी कधी केला नाही. त्या घरात मला आणलं ते आत्यांसाठी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांची फुप्फुसं दमलेली. दिवसातले बरेच तास त्यांना श्वासाच्या मशीनची नळी नाकाला लावून बसावं लागे. आणि त्या भागात वीज रोज दुपारी जाई. म्हणून गच्चीवर सौर पॅनल आली. त्यांनी मला भरायचं आणि वीज गेली की मी मशीन चालवायचं, असं ठरलं.

"हिला महिन्याला पाणी घाला, बॅटरीचं. आणि वरची काच पुसत जा," वायरमन म्हणाला.

"आम्ही प्लॅनिंगवाली माणसं आहोत," बाबा म्हणाले.

"मग लिहून ठेवा," वायरमन म्हणाला. त्याने प्लॅनिंगवाली माणसं बरीच पाहिली असावीत.

बाबांनी खरंच त्या रविवारी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. सौर ऊर्जेसाठी प्रत्येकाने आपापलं उद्दिष्ट लिहायचं होतं. कागद वाचले गेले. बाबांनी लिहिलं होतं, 'हिने रजया पॅनलवर वाळत घालू नयेत.' आईने लिहिलं, 'यांनी बॅटरीत वेळेवर पाणी घालावं.' दादाने लिहिलं, 'छोटीने वीज गेल्यावर टीव्ही लावू नये.' छोटीने लिहिलं, 'दादाने गेम खेळू नये.' स्वतःबद्दल फक्त आत्यांनी लिहिलं होतं, 'माझ्यामुळे बॅटरी अर्ध्याच्या खाली जाणार नाही.'

"याला म्हणतात उद्दिष्ट," बाबा म्हणाले. "शिका जरा ताईकडून."

"वन्संचं अक्षर पण किती सुरेख," आई म्हणाली.

तो कागद माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवला गेला.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. पाहुणे चपला काढताना मला बघत. मग कौतुक आटलं, त्यामागोमाग पाणीही. पॅनलची काच तापते छान, हे आईला ठाऊक होतं, म्हणून रजया तिथेच वाळत. वीज गेली की दादाचा गेम आणि छोटीचा टीव्ही दोन्ही माझ्यावर चालत. प्रत्येकजण दुसऱ्याचं उद्दिष्ट मोडलं जातंय का, यावर मात्र बारीक नजर ठेवून होता.

माझ्या शेजारच्या इन्व्हर्टरच्या डब्यावर, माझ्यात किती वीज उरली ते दाखवणारे चार हिरवे ठिपके होते. दर दुपारी आत्या भिंत धरत जिन्यापाशी येत आणि ठिपके मोजत. दोन उरले की गुपचूप परत जात. मग माझ्यावरचा एक भार उतरे. तो कोणता, हे मला कळे, मित्रांनो. टीव्ही चालूच असे. गेमही. बंद झालेलं असे ते मशीन. आत्या खिडकीशी, तोंड उघडं ठेवून, वीज यायची वाट बघत बसत.

महिनाअखेरीला बाबा कागदावर आत्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करत. कशी जमते ती खूण, हे कोणी विचारलं नाही. मी ओरडून सांगितलं असतं. पण मला फक्त एक शिट्टी दिली आहे, आणि ती मी संपताना वाजते.

ती दुपार चांगली उन्हाची होती. ते सगळं ऊन गच्चीवर तीन रजया खात होत्या. वीज गेली. छोटी आत्यांना चहा द्यायला गेली.

"आत्या, मशीन बंद कशाला केलंस? ओठ बघ कसे झालेत."

"दोनच... ठिपके आहेत गं."

छोटीने मशीन लावलं. मित्रांनो, मी जीव तोडून ओढलं. पण ते दोन ठिपके खोटे होते. आतून मी केव्हाच कोरडी पडले होते. चार तास देणाऱ्या मी बारा मिनिटं दिली आणि शिट्टी वाजवली. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माझं आधीच पळालेलं होतं.

आत्यांना रुग्णवाहिकेतून नेलं. त्या संध्याकाळी बाबा बॅटरीच्या पाण्याची बाटली घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसले आणि ओतत राहिले. पाणी बाहेर सांडलं तरी ओतत राहिले. आई दारात रजया कवटाळून उभी होती. कोणी कोणाकडे बोट दाखवलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

नवव्या दिवशी आत्या घरी आल्या. आता नळी रात्रंदिवस लागते. माझ्या जागी नवी बॅटरी आली आहे, भिंतीवर नवा कागद आहे, आणि त्यावर चौघांनी आपापल्या नावाने लिहिलं आहे, असं कानावर आलं. मला वाचायला जमलं नाही. मला तोवर बाहेर ठेवलं होतं. पण खिडकीतून आत्यांचा आवाज आला. दोन शब्दांमध्ये आता त्यांना थांबावं लागतं.

"अर्ध्यावर आली... की सांगाल ना मला?"

मित्रांनो, सूर्य घरी आणण्याचा संकल्प जरूर करा, आणि तो स्वतःच्या नावाने करा. आम्हाला वेळेवर पाणी द्या. पण घरातलं एखादं माणूस दर महिन्याला न चुकता आपला संकल्प पाळत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा त्याच्या खोलीत जाऊन बघा.