चुन्याचे चौकोन

चौकोन एक वीत लांब आणि एक वीत रुंद होता, आणि जितका पांढरा असायला हवा त्याहून फारच पांढरा होता. निर्मला हिरेमठ चुलीवरून वाकून त्याच्याकडे बघत राहिली. बाजूची भिंत काळी, पत्र्याखालचा वासा काळा, वाशाला टांगलेल्या कांद्याच्या माळेवरही काजळीचा थर. त्यात हा एवढाच तुकडा कोरा. तिने त्यावर बोट टेकवलं. बोट पांढरं होऊन परत आलं.

"बायडाबाई, हा चुना कधी लावला?"

"काल की," बायडाबाई चुलीत शेणी सारत म्हणाली. "पोरी आलत्या डबडं घिऊन."

"कुठल्या पोरी?"

"तुमच्याच की वो. निळ्या ड्रेसातल्या. ती किडमिडी क्रांती हुती, आन एक चष्मेवाली. म्या म्हटलं, आलाईसा तर समदं भिताड रंगवा की गं. तर म्हनत्यात, मावशे, बाईस्नी एवढंच लागतंय."

नव्या चुलीच्या मागच्या अंगाला एक गोल भोक होतं. त्या भोकात बसवलेला सिमेंटचा पाइप पत्र्याबाहेर निघायला हवा होता. पाइप नव्हता. त्यामुळे सगळा धूर भोकातून एकवटून खोलीत येत होता. बायडाबाईने पदराने डोळे पुसले. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"माझी जुनी चूल बरी हुती बगा," ती म्हणाली. "ती चारी अंगानं धुरायची. ही मेली नेम धरून डोळ्यातच मारतीया."

निर्मलाने आणखी तीन घरं पाहिली. तिन्ही ठिकाणी चूल बिनपाइपची, भिंत काळी आणि चौकोन कोरा.

शाळेच्या स्काउट-गाइड विभागातल्या गाइड कंपनीने त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या जानेवारीत, कळंब्याच्या वाटेवरच्या या वस्तीत तीस निर्धूर चुली घातल्या होत्या. मुली नववी-दहावीच्या. शाळा सुटल्यावर त्यांनी माती मळली, साचे धरले, घराघरांतून जुन्या चुली फोडून बाहेर टाकल्या. निर्मला शाळेत विज्ञान शिकवायची आणि गाइड कॅप्टनही तीच होती. मोजता येत नाही ते काम झालं असं तिला वाटत नसे. म्हणून चूल पेटवायच्या दिवशी तिने प्रत्येक चुलीमागच्या भिंतीवर चुन्याचा एक चौकोन काढायला लावला होता. दर शनिवारी मुलींनी जाऊन तो किती काळा झाला ते बघायचं आणि वहीत शून्य ते पाच असा आकडा टाकायचा. अठरा घरांतले चौकोन महिना होत आला तरी पांढरे होते. बारा घरांतले आठवड्यात काळे पडले.

कारण शोधायला प्रयोगशाळा नको होती. तालुक्याहून पाइप तीस आले होते. त्यातले अठरा वस्तीत गेले. उरलेले बारा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांच्या शेजारच्याच नव्या मंगल कार्यालयाला लागले, छपरावरचं पावसाचं पाणी खाली आणायला. त्यांना हिरवा ऑइलपेंट दिला होता. शाळेच्या फाटकातून आत येताना ते ओळीने दिसायचे, आणि शाळेतलं कुणीही तिकडे बघत चालत नसे.

मुख्याध्यापक गणपतरावांनी आठ दिवसांपूर्वी निर्मलाच्या हातात एक कागद दिला होता. 'तीस चुली पूर्ण व कार्यरत.' खाली गाइड कॅप्टनच्या सहीची जागा.

"सही करून टाका, हिरेमठबाई. चुली तीसच आहेत ना? मोजून बघा हवं तर."

चुली तीसच होत्या. पण एकदा का 'पूर्ण' असं गेलं, की तालुक्याची फाइल बंद होणार आणि त्या बारा घरांना पाइप कधीच मिळणार नाहीत, हे दोघांनाही कळत होतं. सही झाली नाही, तर मुलींचे गाइडच्या राज्य पुरस्काराचे अर्ज पुढे जाणार नव्हते. मुदत उद्याची होती. उद्याच पुण्याहून पुरस्काराच्या तपासणीला पाहुणे येणार होते.

निर्मला तेव्हा "बघते" म्हणाली होती. नंतर रोज गणपतराव विचारत आणि रोज ती "बघते" म्हणत असे. कागद पर्समध्ये घडी घालून ठेवलेला. निरीक्षणं पुरेशी झाल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नसतो, असं ती स्वतःला सांगत होती.

शाळेत ती परतली तेव्हा मैदानावर मुली उद्याच्या संचलनाचा सराव करत होत्या. तिने क्रांती आणि विद्याश्रीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि आपलं बोट त्यांच्यासमोर धरलं.

क्रांतीने बोटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"कुणी लावला?"

"मी. हिनं नुसता डबा धरला हुता."

"मीपण लावलाय," विद्याश्री चष्मा वर सारत म्हणाली. "चार घरांत."

"का?"

विद्याश्रीने क्रांतीकडे पाहिलं. क्रांती संघनायिका होती; उत्तर तिनेच द्यायचं होतं.

"वहीत खोटं लिहायचं न्हाय, दिसंल तेच लिहायचं, असं तुम्हीच सांगितलंय की बाई," ती म्हणाली. "मग आम्ही दिसायचंच बदललं."

निर्मलाला वाटलं होतं मुली घाबरतील, रडतील. क्रांतीचा चेहरा तर एखादं काम वेळेत उरकल्यासारखा होता.

"अगं, पण मी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"न्हाय. तुम्ही काहीच सांगितलं न्हाय. आठ दिवस झालं, कागद पर्समधी घिऊन फिरताय. तासाला काढताय, बघताय, परत ठेवताय. आम्हाला दिसतंय की. आम्हाला वाटलं, बाईंना सही करायचीच हाय, पर त्या काळ्या चौकोनांनी हात उठंना. म्हटलं, जरा मदत करू." ती खिडकीकडून वळली. "गाइडनं मदत करायची असती न्हवं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर निर्मलाला निदान रागावता आलं असतं. आठ दिवस तिचा राग कसा नीट एका जागी होता, त्या हिरव्या पाइपांवर. ती नळापाशी गेली आणि बोट धुवायला लागली. बोट स्वच्छ झालं तरी ती धूतच राहिली. मग नळ बंद करून ती स्टुलावर बसली.

"सही झाली नाही तर तुमचे अर्ज जाणार नाहीत. माहीत आहे ना?"

"म्हंजे पाइप त्यांनी न्यायचं," क्रांती म्हणाली, "आन पुरस्कार आमचा जायाचा."

"होय."

"तीन वर्षं बाई," विद्याश्री म्हणाली. "तीन वर्षं गाइडचा एक शनिवार चुकवला न्हाई आम्ही."

"होय."

दुसरा कुठलाही शब्द खोटा झाला असता. बाहेर कुणीतरी "दाहिने मुड" म्हणून ओरडलं आणि मुलींचे पाय एकदम जमिनीवर आपटले.

क्रांतीने विचारलं, "बायडामावशी काय म्हनाली? चूल बरी हाय म्हनाली का?"

"जुनीच बरी होती म्हणाली."

क्रांतीचा खालचा ओठ थरथरला. चुना लावल्याचं कबूल करताना ती हलली नव्हती.

"ती माती मी मळली हुती," ती म्हणाली. "तीन दिस भिजवून. एक खडा ठेवला नव्हता तिच्यात."

विद्याश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो झटकून क्रांती कपाटाशी गेली आणि शनिवारची वही काढून टेबलावर आणली. बारा घरांची पानं शोधून प्रत्येक पानावर तिने एकेक ओळ लिहिली: 'काल आम्ही इथं चुना लावला. आताचा पांढरा रंग धरू नये.' खाली नाव घातलं. मग पेन विद्याश्रीकडे दिलं. विद्याश्रीने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बाराही पानांवर नाव लिहिलं. शेवटच्या पानाची शाई वाळल्यावर निर्मलाने वही उचलली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत विजयसिंह बसले होते. समोर चहाचे कप रिकामे झाले होते.

"या बाई, या," ते म्हणाले. "तुमचीच वाट बघालतो. सही ऱ्हायलीया म्हनं."

"हिरेमठबाई विचार करून करतात दादा सगळं," गणपतराव हसत म्हणाले आणि खिशातलं पेन काढून, टोपण उघडून, टेबलाच्या अलीकडच्या कडेला ठेवलं.

"करू दे की इचार. सायन्सवाल्या हायत. पर आमचा ह्यो चहा चार येळा झाला त्यांच्या इचारात." विजयसिंह स्वतःच्या बोलण्यावर हसले. मग खुर्चीत पुढे झाले. "बाई, ते बारा पाइप काय पळून चाललेत व्हय? मी काय खातोय काय सिमेंट? पुढच्या खेपंला आले की लावू. पोरींचं कल्याण हुतंय, शाळेचं नाव हुतंय. एका सहीत काय जातंय तुमचं?"

"बसा ना," गणपतराव म्हणाले.

निर्मला बसली नाही. पर्समधला कागद काढून तिने टेबलावर ठेवला आणि त्याची घडी हाताने सपाट केली. गणपतरावांनी पेन आणखी थोडं पुढे सरकवलं. कागदाशेजारी तिने मुलींची वही ठेवली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "अठरा चुली झाल्या आहेत, बारा झालेल्या नाहीत. आणि त्या बारांचे पाइप कुठे आहेत, ते उद्या पाहुण्यांसमोर मी सांगणार आहे."